मसाजची पहिली अपॉइंटमेंट: टेबलावर झोपण्याआधी आणि उठल्यानंतर

कोकणात अंग चोळून घेणं काही नवं नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई बहुतेक वाड्यांना माहीत असते, दिवाळीच्या पहाटे घरोघरी अंगाला तेल लागतं, पोटरीत गोळा आला की खोबरेल कोमट करून कुणीतरी चोळून देतं. पण वेळ ठरवून, पैसे मोजून, अनोळखी माणसाच्या हाती अंग सोपवायचं म्हटलं की पाय अडखळतो. कपडे किती काढायचे, दुखलं तर बोलायचं का, बीपीची गोळी चालू आहे हे सांगायची गरज आहे का, हे प्रश्न विचारायचाही संकोच वाटतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता आयुर्वेद केंद्रं आहेत, फिजिओथेरपीचे दवाखाने आहेत, रिसॉर्टमध्ये स्पा आहेत. तिथे त्या तासाभरात काय घडतं आणि काय घडायला नको, ते इथे क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मसाज चांगला होणं हातांवर जितकं अवलंबून असतं, तितकंच बोलण्यावर. आधी विचारपूस न करता जो थेट हात लावतो, त्याच्या टेबलावर झोपू नये. आणि विचारल्यावर जो खरं सांगत नाही, त्याला उत्तम थेरपिस्टही सांभाळू शकत नाही.

कुणाकडे जायचं

आयुर्वेद केंद्रात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, झालेले वैद्य आधी तपासतात आणि मसाज त्यांच्या हाताखालचे मदतनीस करतात. वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि तो क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलकडे होते. स्पामधल्या थेरपिस्टकडे बहुधा एखाद्या कोर्सचं प्रमाणपत्र असतं, काहींकडे ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं. कोर्स किती महिन्यांचा होता आणि इथे किती वर्षं काम करता, हे विचारायला लाजू नका. ज्याने नीट शिकून घेतलंय तो आनंदाने सांगतो.

निवड दुखण्यावरून करावी. भाताच्या लावणीत चार दिवस वाकून सगळं अंग मोडून आलं असेल, तर आयुर्वेदिक अभ्यंग किंवा साधा स्वीडिश पद्धतीचा मसाज पुरतो. एकच खांदा वर जात नाही, कंबरेतून पायात कळ उतरते, बोटांना मुंग्या येतात, असं असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर. तिथे मसाज हा उपचाराचा एक तुकडा असतो, बाकीचा व्यायाम.

दोन ठिकाणी मात्र जाऊ नका. केस कापून झाल्यावर मान पकडून झटका देऊन 'कट' काढतात, तिथे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने आतून चीर जाऊ शकते आणि त्यातून पक्षाघात होतो. असं क्वचित घडतं, पण घडतं. दुसरं म्हणजे माडावरून किंवा गाडीवरून पडून हात-पाय सुजलेला असताना चोळून देणाऱ्याकडे. आधी एक्स-रे काढा. मोडलेलं हाड चोळलं की टोकं सरकतात आणि शेजारच्या शिरा, नसा दुखावतात.

फोनवर काय विचारायचं

साठ मिनिटांचं सेशन म्हणजे टेबलावर साठ मिनिटं की कपडे बदलण्यासकट, हे पहिलं विचारा. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष मसाज पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांचा असतो. मसाज पुरुष करणार की बाई, हे तुम्ही ठरवायचं आणि ते फोनवरच नक्की करायचं. तेल कोणतं, स्वतःचं आणलं तर चालेल का, एकूण किती पैसे होतील, तेही तेव्हाच बोलून घ्या. पाच-सात सेशनचं पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नका. एकदा हात कळू द्या.

मग मुद्दाम एक प्रश्न टाका: "मला बीपी आहे, चालेल ना?" समोरून "गोळ्या कुठल्या चालू आहेत? आटोक्यात आहे का?" असं आलं तर वेळ ठरवा. "काही होत नाही, या तुम्ही" एवढंच आलं तर दुसरीकडे फोन लावा.

ज्या दिवशी जायचंच नाही

लेखातला हा भाग सगळ्यात सावकाश वाचा. पावसाळ्यात कोकणात एक चूक हमखास होते. शेतात, गुरांच्या गोठ्यात, तुंबलेल्या पाण्यात अनवाणी काम झालेलं असतं. आठवड्या-दीड आठवड्याने ताप येतो, डोकं दुखतं आणि पोटऱ्या इतक्या ठणकतात की चालवत नाही. घरचे म्हणतात, लावणीचा थकवा आहे, चोळून घे. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या व कंबर दुखणं आणि डोळे लाल होणं ही त्याची ओळख. यावर अँटिबायोटिक लवकर सुरू व्हावं लागतं, उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांवर जातं. जून ते सप्टेंबरात ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली, तर मसाजची अपॉइंटमेंट रद्द करा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डेंग्यूतही अंग असंच मोडून येतं. थोडक्यात, ताप कुठलाही असो, मसाज नाही.

दुसरी पोटरी याहून धोक्याची. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मुंबईहून रात्रभर बसून आलेल्या प्रवाशाला, ऑपरेशननंतर पडून राहिलेल्याला, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला हा धोका जास्त. अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसू शकते. इथे हातच लावायचा नाही, सरळ दवाखाना.

कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पायातला जोर जाणं, कारणाशिवाय वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तरी तेच. डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आणि छातीत जडपणा असेल तर खांदा चोळत बसू नका. १०८ला फोन करा.

त्वचेचंही पाहा. पावसाळी दमट हवेत जांघेत, काखेत, कंबरेच्या नाडीखाली गजकर्ण होतं. ते संसर्गाने पसरतं आणि तेलाच्या हाताबरोबर एका जागेवरून दुसऱ्या जागी, एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जातं. बरं होईपर्यंत थांबा. काजूच्या बियांच्या डिकाने हात सोलवटले असतील, आंब्याचा चीक उतून मानेवर फोड आले असतील, किनाऱ्यावर उन्हाने पाठ भाजली असेल, तर त्या जागा वगळून घ्यायला सांगा.

गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पुढे घ्यायचा असेल तर कुशीवर झोपवून, हलक्या हाताने आणि गर्भवतींच्या मसाजचं शिक्षण घेतलेल्या बाईकडूनच. सिझेरियन झालं असेल तर टाके पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात नको. घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींनाही हे स्पष्ट सांगा. त्यांचा हात सवयीने पोटाकडे जातो. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर मसाज कायमचा वर्ज्य नाही, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी हवी.

घरून निघताना

भरपेट जेवून जाऊ नका. मासे-भात जेवून लगेच पालथं झोपलं की आंबट ढेकर वर येतात. दीड-दोन तास आधी जेवलेलं बरं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. पण मधुमेह असेल तर उपाशीही जायचं नाही, साखर खाली उतरते. रोजच्या गोळ्या रोजच्या वेळेला घ्या. इन्सुलिन जिथे टोचलं ती जागा चोळू देऊ नका, चोळल्याने ते रक्तात लवकर शोषलं जातं. दारू घेऊन तर जाऊच नये.

दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर तसं सांगा, ते एका बाजूला घेऊन काम होतं. जोडवी मात्र पायाच्या मसाजला खरोखर नडतात. त्याच दिवशी पायांचे केस काढलेले असतील तर तेल झोंबतं. येताना तेल लागलं तरी चालेल असे सैल, जुने सुती कपडे घाला.

ज्याची त्वचा नाजूक आहे त्याने आदल्या दिवशी तेलाची परीक्षा घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावायचे आणि दिवसभर पाहायचं. लाल झालं, खाजलं, तर ते तेल नको. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी बदामाच्या तेलाबद्दल विचारून घ्यावं.

पहिली दहा मिनिटं

आत गेल्यावर एक फॉर्म मिळतो किंवा तोंडी विचारतात. थेरपिस्टने घाई केली तरी तुम्ही करू नका. कामाचं बोलणं साधारण असं चालतं:

"काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची एक आसा. आणि ती रक्त पातळ करूची, रात्रीची."

"ती किती दिवस घेताय? अंगावर काळे-निळे डाग पडतात का?"

या शेवटच्या प्रश्नावर पुढचा सगळा तास बदलतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराचा दाब नाही, कोपराने रगडणं नाही आणि उग्र वासाची मलमंही जपून. अशा बऱ्याच मलमांत विंटरग्रीनच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते त्वचेतून रक्तात उतरतं आणि वॉरफरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका वाढवतं. म्हणून "काही नाही, साधीच गोळी आहे" असं म्हणून हा विषय सोडू नये. नाव आठवत नसेल तर गोळीची पट्टी सोबत न्या.

याशिवाय सांगायचं ते असं: झालेली ऑपरेशनं, शरीरातले रॉड-स्क्रू, पेसमेकर, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, फुगलेल्या शिरा, पायांची संवेदना कमी झालेला मधुमेह. हाडं ठिसूळ असतील तर पाठीवर अंगाचा भार टाकून दिलेल्या दाबाने बरगडी मोडू शकते. पायाला कळतच नसेल तर दाब जास्त झालाय किंवा तेल गरम आहे हेही कळणार नाही. फुगलेल्या शिरांवर फक्त हलका हात चालतो.

मग दुखणं सांगायचं. "सगळं अंग दुखतं" याने काम होत नाही. बोटाने जागा दाखवा. केव्हा दुखतं, कशाने वाढतं आणि दिवसभर हात कोणत्या कामाला असतात, ते सांगा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढणाऱ्याची मान तासन्‌तास मागे वळलेली असते. काजू फोडणाऱ्या बाईचा अंगठा आणि कोपराखालचा हात धरतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्याचे खांदे आणि कंबर. महामार्गावर गाडी चालवणाऱ्याचा उजवा कुल्ला आणि मानेचा मागचा भाग. धंदा कळला की जाणता थेरपिस्ट दुखणाऱ्या जागेबरोबर ती ज्याने ओढली जाते ती जागाही धरतो.

शेवटी कुठे हात नको तेही सांगून टाका. डोकं नको, पोट नको, पाय नकोत, काहीही. त्याला कारण द्यावं लागत नाही.

कपडे आणि चादर

थेरपिस्ट खोलीबाहेर जातो, तुम्ही कपडे काढता, टेबलावर झोपता, अंगावर चादर ओढून घेता. तो दार वाजवून आत येतो. हा क्रम पाळला जायला हवा. किती कपडे काढायचे हे तुम्ही ठरवायचं. आतले कपडे अंगावर ठेवून चांगला मसाज होतो. आयुर्वेद केंद्रात एकदा वापरून टाकायची लंगोटी देतात, कारण तेल जास्त असतं.

ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा आणि बाकी सगळं झाकलेलं, हा नियम आहे. पाय झाला की पाय झाकून मग पाठ उघडायची. स्तन, जांघेचा मधला भाग, गुप्तांग या जागा मसाजमध्ये येतच नाहीत. खोलीला आतून कुलूप नसावं, कॅमेरा नसावा. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईने घरचं कुणी सोबत बसवायचं म्हटलं तर चांगलं केंद्र नाही म्हणत नाही. अल्पवयीन मुलामुलीबरोबर तर पालकाने आतच बसायचं.

कुणी घाणेरडं सुचवलं, हात चुकीच्या जागी गेला, तर तो मसाज नाही. "थांबा" म्हणा, उठा, कपडे घाला, बाहेर पडा. पैसे द्यायला थांबू नका. ११२ वर तक्रार करता येते. आपला काहीतरी गैरसमज झाला असेल, असं स्वतःला समजावत पडून राहू नका.

टेबलावर

बहुधा सुरुवात पालथं झोपवून होते. तोंडासाठी टेबलाला भोक किंवा गोल उशी असते, घोट्यांखाली लोड देतात. घोट्यांखाली आधार नसेल तर कंबर खाली दबते आणि अर्ध्या तासाने दुखू लागते, तेव्हा मागून घ्या. सर्दीने नाक चोंदलं असेल तर पालथं झोपता येणार नाही, कुशीवर घ्या म्हणा. उताणं झोपल्यावर हाच लोड गुडघ्यांखाली यायला हवा.

तेल आधी थेरपिस्टच्या तळहातावर येतं आणि मग अंगावर. थंड तेल थेट पाठीवर ओतलं की स्नायू आक्रसतात आणि पहिली पाच मिनिटं ते सैल करण्यातच जातात. स्वीडिश मसाजला दोन-तीन मोठे चमचे तेल पुरतं. पहिले हात लांब आणि पसरट असतात, कंबरेकडून खांद्यांकडे, घोट्यापासून मांडीकडे. यात स्नायू गरम होतात आणि थेरपिस्टच्या हाताला कुठे घट्ट, कुठे सैल ते कळतं. मग मळणं, पिळणं, बोटांनी एका जागी घासणं आणि काही वेळा शेवटी हलके थापटणं. गरम न करताच कोपर रोवणारा माणूस घाईत आहे असं समजा.

मानेचं काम कसं चालतं ते जवळून पाहू, कारण बहुतेकांचं दुखणं तिथेच असतं. आधी दोन-तीन मिनिटं तळहाताने मान आणि खांद्याचा उतार शेकल्यासारखा चोळला जातो. मग अंगठा खांद्याच्या पात्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यावर येतो. तिथून मानेच्या बाजूला चढणारा स्नायू वर पाहून किंवा मोबाइलवर खाली पाहून ताणलेला असतो. अंगठ्याखाली दोरीसारखा कडक पट्टा लागतो आणि त्यात एक टोचणारी जागा. ती दाबली की कळ कधी कानामागे, कधी पाठीत पोहोचते. थेरपिस्ट दाब हळूहळू वाढवतो, तीस सेकंद ते एक मिनिट तसाच धरतो आणि कळ निम्म्यावर आली की सोडतो. त्याच जागेला तीन-चारदा धरून झालं की पट्ट्याच्या लांबीने हात फिरवायचा. याच्यापुढे तीच जागा उकरत राहिलं तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याशेजारी, दाब कधीही द्यायचा नसतो. पाठीच्या कण्यावरही नाही, हात कण्याच्या दोन्ही बाजूंनी चालतो. गुडघ्यामागच्या खळग्यात आणि कोपराच्या पुढच्या वळणातही जोर लावायचा नसतो, तिथे नसा आणि रक्तवाहिन्या वरवरच असतात. एवढ्या चार जागा लक्षात ठेवल्यात तर समोरच्याला काम येतं की नाही ते पडल्यापडल्या कळेल.

बोलायचं कधी

कोकणी माणूस सोसणारा. "दुखतंय का?" विचारलं की दात आवळून "नाय" म्हणतो. मसाजमध्ये हे सोसणं नडतं. दाब सहनशक्तीपलीकडे गेला की शरीर आपसूक स्नायू आवळतं आणि थेरपिस्टला त्या आवळलेल्या स्नायूशी झुंजावं लागतं. तुम्ही पैसे देऊन अंग ठेचून घेता.

शून्य ते दहा असा अंदाज मनात धरा. दहा म्हणजे ओरडावंसं वाटणारं. चार ते सहाच्या आसपास दुखतं पण बरं वाटतं, श्वास चालू राहतो. श्वास रोखला जातोय, पायाची बोटं आखडतायत, मूठ वळतेय, अशी काही खूण दिसली तर दाब जास्त आहे. "थोडा हलका" एवढं म्हणायचं. उलट "आणखी जोर द्या" म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा, स्नायू सैल पडायला वेळ लागतो. वीज चमकल्यासारखी कळ गेली, मुंग्या आल्या, हात-पाय बधिर वाटला, तर लगेच सांगा. तो नसेवरचा दाब असतो.

गप्पा मारायच्या की डोळे मिटून पडायचं, तुमची मर्जी. झोप लागली, घोरलात, पोट गुडगुडलं, तर थेरपिस्टला त्यात काही नवीन नसतं. एसी जास्त झाला, गाणं नको, तर सांगा. लघवीला जायचंय, तर उठून जा, तासाच्या मध्ये थांबता येतं.

अभ्यंग आणि पेटी

आयुर्वेद केंद्रात गोष्टी थोड्या वेगळ्या. टेबलाऐवजी लाकडाची किंवा फायबरची द्रोणी, म्हणजे काठ असलेली लांब चौकी, असते आणि काही ठिकाणी दोघं जण दोन बाजूंनी एकाच लयीत चोळतात. तेल पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करतात आणि ते शंभर मिलीच्या घरात किंवा त्याहून जास्त लागतं. बहुधा तिळाचं, वैद्यांनी सांगितलं तर औषधी, म्हणजे महानारायण वगैरे. आपल्याकडे सांधे दुखले की उंडीचं तेल लावायची जुनी रीत आहे. घरचं उंडेल वापरायचं असेल तर आधी कोपराची परीक्षा घ्या, काहींच्या कातडीला ते सोसत नाही.

द्रोणीत तेलामुळे कूस बदलणं अवघड असतं. आपण होऊन वळू नका, सांगतील तेव्हा आणि आधार धरून वळा.

नंतर बऱ्याच ठिकाणी वाफेची पेटी असते. अंग आत, डोकं बाहेर, दहा-पंधरा मिनिटं. कपाळावर ओलं फडकं ठेवतात. हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेला बीपी आणि गर्भारपण असताना पेटीत बसू नये. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात आधीच घाम गेलेला असतो, तेव्हा वेळ कमी करायला सांगा. डोकं हलकं झालं, मळमळलं, छाती धडधडली, तर पंधरा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको, लगेच बाहेर. आत बसण्याआधी पेटी आतून कशी उघडते ते पाहून घ्या आणि खोलीत कुणीतरी थांबलंय ना, याची खात्री करा.

उठताना आणि घरी जाताना

मसाज संपला की ताडकन उठू नका. तासभर आडवं पडल्यावर रक्तदाब उतरलेला असतो आणि बीपीची गोळी घेणाऱ्याला तर उभं राहताच अंधारी येते. आधी कुशीवर वळा, हाताचा जोर देऊन बसा, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं थांबा, मग उभे राहा. तळपाय पुसल्याशिवाय लादीवर पाऊल टाकू नका. तेलकट पाय आणि पावसाळ्यात ओलावलेली लादी, यात मांडीचं हाड मोडतं. म्हाताऱ्या माणसांना हात देऊनच उतरवा.

तहान लागेल तसं पाणी किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत प्या. मसाजने अंगातलं विष बाहेर पडतं आणि ते धुवायला लिटरभर पाणी हवं, असं सांगतात त्याला आधार नाही. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत रोज करतच असतात.

अभ्यंगानंतर अर्धा-पाऊण तासाने कोमट पाण्याने अंघोळ करा. बेसन किंवा उटणं लावलं की तेल निघतं, साबण रगडावा लागत नाही. लगेच समुद्रात उतरू नका. सुस्ती आली असेल तर दुचाकी थोड्या वेळाने काढा, तेही हँडल धरायचे हात कोरडे करून. आंब्याच्या पेट्या उचलणं, पाण्याच्या कळशा भरणं असली कामं त्या संध्याकाळी नकोत.

दुसऱ्या दिवशी

दाबलेल्या जागा एक-दोन दिवस ठणकतात, नव्याने व्यायाम केल्यावर ठणकतात तशाच. कोमट शेक आणि हलकी हालचाल पुरते. अंगावर काळे-निळे वळ उठले तर दाब जास्त झाला होता, पुढच्या वेळी तसं सांगा. दोन-तीन दिवसांनी दुखणं वाढत गेलं, हाता-पायात जोर कमी वाटला, तर डॉक्टरांना दाखवा. मानेच्या कामानंतर अचानक जबर डोकेदुखी, चक्कर, जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका, १०८.

कंबरदुखीला मसाजने मिळणारा आराम बहुधा थोड्या दिवसांचा असतो. तो टिकवायचा तर थेरपिस्टकडून दोन-तीन व्यायाम शिकून घ्यावे लागतात आणि कामाची पद्धत थोडी बदलावी लागते. झेला चालवताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान खाली घेऊन हनुवटी गळ्याकडे ओढायची, दहा वेळा. काजू फोडताना पाटाची उंची अशी ठेवायची की खांदे वर चढणार नाहीत. आंब्याची पेटी कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यांत बसून अंगाशी धरून उचलायची.

पुढच्या वेळी जाताना तीन गोष्टी लिहून न्या: आराम किती दिवस टिकला, कुठली जागा जास्त ठणकली, कोणता दाब जमला नाही. त्यावरून थेरपिस्टला पुढचं सेशन बदलता येतं. तीन सेशन झाली आणि दुखण्यात काहीच फरक नाही, तर चौथं घेऊ नका. ते पैसे तपासणीला लागू देत.